काहीच दिसलं नाही

मागच्या दिवाळीत माझा पुतण्या बायकापोरांना घेऊन ताडोब्याला जाऊन आला. तीन सफारी, दोन रात्रींचा मुक्काम. खर्चाचा आकडा त्याने वहिनींपासून लपवला आणि मला हळूच सांगितला. मी विचारलं, "मग, काय काय पाहिलं?" तोंड पाडून म्हणाला, "तात्या, काहीच दिसलं नाही."

चहा होईपर्यंत एकेक गोष्ट बाहेर आली. पहिल्या सकाळी गव्यांचा कळप समोरून रस्ता ओलांडून गेला. त्यातला मोठा बैल इतका काळाभोर आणि तुकतुकीत, की अंगाला तेल चोपडून आलाय असं वाटावं, आणि गुडघ्याखाली चारी पायांत पांढरे मोजे. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी नऊ रानकुत्री दिसली. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपूट. गाडीकडे ढुंकूनही न बघता एकमेकांना शीळ घालत होती. पुतण्याच्या धाकटीने ती शीळ मला तोंडाने काढून दाखवली. वीस-वीस वेळा वाघ पाहिलेल्या माणसांना रानकुत्र्यांचा कळप दिसलेला नसतो. आणि हा म्हणतो काहीच दिसलं नाही, का, तर वाघ नव्हता.

मी इथे सहसा पोस्टिंगच्या आठवणी लिहितो. आज मत मांडणार आहे. पटलं नाही तर जरूर भांडा, पेन्शनर माणूस आहे, वेळ आहे माझ्याकडे.

वाघाशी माझं वैर नाही. आयुष्यात चार वाघ पाहिले, आणि चारही वेळा तोंडाला कोरड पडली. पण वाघाच्या मागे लागलेली माणसं पाहिली की मला आमच्या कँटीनमध्ये डिसेंबर महिन्यात रमचा कोटा आल्यावर जी रांग लागायची तिची आठवण होते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली, तो व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सअॅपवरही आला असेल. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. मला त्या व्हिडिओत वाघिणीपेक्षा माणसंच जास्त लक्षात राहिली. एकही माणूस गप्प बसलेला नव्हता.

माझी नोकरी तोफखान्यात झाली, अठ्ठावीस वर्षं. तोफखान्याचं एक आहे, तोफेला मोकळी जमीन लागते. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य माळावर, वाळवंटात आणि पठारावर गेलं. आणि माझा अनुभव असा, की या देशातली सगळ्यात देखणी जनावरं झाडीत कमी, उघड्यावर जास्त आहेत. पण आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलाय. झाड असेल तर ते जंगल, नुसतं गवत असेल तर ते पडीक. सातबाऱ्यावर सुद्धा पोटखराबा म्हणूनच लागतं. सफारी म्हटली की आपण झाडीत जातो, वाघ शोधतो आणि परत येतो. आणि ज्या जमिनीवर ही बाकीची जनावरं राहतात ती आपल्या नजरेसमोरून जाते, तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

जबलपूरला असताना आम्ही दोघं कान्ह्याला गेलो होतो. जानेवारीची थंडी, गवतावर दहिवर, आणि धुक्यातून भोंगा वाजावा तसा आवाज येत होता. बारशिंग्याचा माजाचा काळ. गाइडला मात्र दुसरीकडून चितळाचा इशारा ऐकू आला आणि तो ड्रायव्हरला म्हणाला, "टायगर है, चलो चलो." आमच्या मागच्या दोन जिप्स्या धुरळा उडवत गेल्या. मी म्हटलं, आम्ही इथेच थांबतो. गाइडने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बिल न देता उठतोय.

पाच मिनिटांनी धुकं विरलं आणि कुरणाच्या मधोमध एक नर उभा दिसला. माजावर आलेला बारशिंगा चिखलात लोळतो आणि शिंगं गवतात घुसळतो, त्यामुळे गवताचे झुपके शिंगांना लटकून राहतात. याच्या दोन्ही शिंगांवरून गवत कपाळापर्यंत खाली आलेलं. आमची ही म्हणाली, "अहो, याने तर बाशिंग बांधलंय." त्यानंतर आमच्या घरात त्या प्राण्याचं नाव बाशिंगाच पडलं.

हा बारशिंगा कठीण जमिनीवर राहणारा. दुधवा आणि काझीरंग्यातले त्याचे भाऊबंद दलदलीतले. १९७० साली कान्ह्यात हे फक्त ६६ उरले होते. शिकार हे एक कारण होतंच, पण दुसरं कारण गवताचं. हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगतो आणि पाडस लपवायला त्याला उंच गवत लागतं. पुढे कान्ह्यातली काही गावं बाहेर हलवली, त्यांच्या शेताच्या जागी कुरणं झाली, बारशिंग्यांसाठी कुंपण घालून जागा राखली, आणि संख्या सावरली. आता तिथून सातपुड्यातही नेऊन सोडलेत. जी गावं उठली त्यांचं पुढे काय झालं हा प्रश्न मी बाजूला टाकत नाही. मी स्वतः अशाच एका गावचा आहे, त्यावर येतोच.

मणिपूरला आमच्या रेजिमेंटने तोफा मागे ठेवून पायदळाचं काम केलं. तिथे एका रविवारी लोकताक सरोवरावर केइबुल लामजाओला जायला मिळालं. जगातलं एकमेव तरंगतं राष्ट्रीय उद्यान, जेमतेम ४० चौरस किलोमीटर. तिथली जमीन म्हणजे जमीन नाहीच. गवत, मुळं आणि कुजका पाला यांचा पाण्यावर तरंगणारा जाड थर आहे, त्याला फुमदी म्हणतात. त्यावर सांगाई हरीण राहतं, जगात दुसरीकडे कुठेही रानात नाही. नराच्या कपाळावरचा पुढचा फाटा आणि मागचं शिंग मिळून एकच कमान होते, धनुष्य ताणल्यासारखी. फुमदीवर पाय टाकताना ते इतकं जपून टाकतं, की लोक त्याला नाचरं हरीण म्हणतात. १९७५ च्या मोजणीत १४ सापडले होते, आता काहीशेच्या घरात आहेत. पण १९८३ मध्ये इथाईचा बंधारा झाल्यापासून सरोवराचं पाणी बारमाही वर राहतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळांना माती मिळायची आणि थर पुन्हा जाड व्हायचा. आता ती टेकत नाही आणि पातळ होत चाललीय. हरणाच्या पायाखालची जमीन विरघळणे हे मी फक्त म्हणायची गोष्ट समजत होतो.

आता माझ्या गावाचं. सोलापूरकरांना नान्नज सांगावं लागत नाही. आमची माळाची सहा एकर त्याच पट्ट्यात. लहानपणी शेरडं घेऊन गेलो की माळढोक दिसायचा. त्याला आम्ही काही विशेष समजत नव्हतो. कमरेइतका उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की गावचा पाटील पानसुपारी खाऊन निघालाय. पावसाळ्याच्या तोंडाला नर गळ्याखालची पिशवी फुगवून पायापर्यंत लोंबती सोडायचा आणि घुमायचा. तो आवाज कानाला कमी, छातीला जास्त लागायचा.

१९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तालुकेच्या तालुके आत. माणसांची घरं, बाजार, शाळा सगळं आत. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी दोन एकर विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, माळ बघितला आणि म्हणालं, अभयारण्यातली जमीन नको, उद्या कटकट. लग्न सावकाराच्या पैशांवर झालं. तेव्हापासून वडील माळढोकाला नावाने शिव्या घालायचे. पाखरू राखायचं आणि माणूस बुडवायचा, हे त्यांचं वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. त्या वेळी मलाही ते शंभर टक्के पटत होतं.

पुढे मी भरती झालो. पोखरणच्या फायरिंग रेंजवर आमची प्रॅक्टिस लागली. मी निरीक्षण चौकीवर, म्हणजे ओपीवर होतो. काम काय, तर दुर्बिणीतून समोरचा मुलूख बघायचा, गोळा कुठे पडला ते सांगायचं. सकाळी पहिल्या फायरच्या आधी दुर्बीण फिरवत होतो आणि टार्गेटच्या अलीकडे काहीतरी हललं. मान पाहिली आणि मी पंधरा वर्षांनी आमच्या माळावर उभा राहिलो.

म्हटलं, "साब, माळढोक."

साहेब पंजाबचे. "क्या?"

"साब, बड़ा परिंदा है. इधर गोडावण बोलते हैं. टार्गेट के सामने चल रहा है."

साहेबांनी स्वतः दुर्बीण लावली. बराच वेळ बोलले नाहीत. मागे तोफा तयार होत्या, वायरलेसवर विचारणा येत होती. साहेबांनी विचारलं, "कितना टाइम लेगा ये?"

"साब, वो तो उसकी मर्जी."

फायर थांबला. माळढोक चार पावलं टाकायचा, थांबायचा, टोळ वेचायचा, मान वर करून बघायचा. घाई हा शब्द त्याच्या खानदानात नव्हता. आम्ही बारा मिनिटं बसून राहिलो. तो टेकाडाआड गेला तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "क्या चीज़ है यार." मग पहिला गोळा सुटला.

आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेर भागात. त्यातले बरेच डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये आणि बरेच त्याच पोखरण रेंजच्या परिसरात. फौजेतल्या मित्रांना हे सांगितलं की छाती फुगते, बघा, आम्ही राखले. खरं सांगायचं तर आपण काही राखायला गेलो नव्हतो. आपण तिथे गोळे टाकतो. पण गोळे बारा महिने पडत नाहीत आणि सगळीकडे पडत नाहीत. मधल्या काळात तिथे नांगर फिरत नाही, बोअर पडत नाही, प्लॉट पडत नाहीत. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला एवढंच हवं असतं, की तिथे कुणी येऊ नये. तोफगोळ्यांच्या शेजारी त्याला ते मिळालं, आमच्या गावात मिळालं नाही.

त्याचा दुसरा शत्रू विजेच्या तारा. डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. उडताना तारेला धडकतो आणि मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या भागातल्या तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण त्याच वाळवंटात सौर आणि पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प आहेत. वीज मलाही हवी, उन्हाळ्यात पंख्याशिवाय मी झोपत नाही. पण 'वाळवंट रिकामंच तर आहे' असं कुणी म्हणालं की मला ती बारा मिनिटं आठवतात. जैसलमेरला किल्ला आणि उंटाची फेरी करायला जाणाऱ्यांनी एक सकाळ डेझर्ट नॅशनल पार्कला द्यावी. दिसेल याची खात्री नाही. तरी द्यावी.

इथपर्यंत फौजेची बाजू बरी दिसते. म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे, गेली कित्येक वर्षं ते टाळत आलोय.

लडाखमध्ये चांगथांगच्या पठारावर आमची एक पोस्ट होती. जागा सांगत नाही. खाली पाणथळ कुरण, पलीकडे कियांगचे कळप. कियांग म्हणजे तिथलं रानगाढव, पण गाढव शब्दाने फसू नका. पाठ तांबूस, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, दोन्ही रंगांमधली रेघ कुंचल्याने ओढावी तशी. गाडी दिसली की गाडीच्या बाजूने पळत सुटतं. पर्यटकांच्या ड्रायव्हरला वाटतं शर्यत लावतंय, मग तो गाडी रस्ता सोडून कुरणात घालतो. तिथे दोन जिने चढले तरी आपल्याला धाप लागते. अशा हवेत कळप पळवला की शिंगरू मागे राहतं.

त्या पाणथळ जागेत काळ्या मानेच्या क्रौंचांची एक जोडी दर वर्षी यायची. राखाडी-पांढरं अंग, काळी मान, माथ्यावर लाल ठिपका. भारतात यांची वीण फक्त लडाखच्या त्या पठारावर होते. मे महिन्यात बर्फ सुटलं की दोघं समोरासमोर उभे राहून नाचायचे, पंख पसरून उड्या मारायचे. ड्यूटी नसलेली पोरंसुद्धा बंकरबाहेर येऊन बघायची. ज्यांची लग्नं नुकती झाली होती ती जास्त वेळ बघायची.

आणि आमच्या पोस्टवर कुत्री होती. पहाडातल्या पोस्टवर राहिलेल्या माणसाला कुत्रं काय असतं ते सांगायला नको. रात्री सगळ्यात आधी तेच भुंकतं, गस्तीबरोबर पुढे चालतं, आणि उणे पंचवीसमध्ये पायाशी झोपतं. लंगरच्या उरलेल्या पोळ्या, भात, हाडं मी स्वतः त्यांना घालायचो. सुरुवातीला तीन होती. दुसऱ्या वर्षी अकरा झाली. काळू माझा. मी हाक मारली की दरीतून यायचा.

जूनमध्ये घरट्यात दोन अंडी होती, दुर्बिणीतून दिसायची. एका सकाळी पाहिलं तर क्रौंचांची जोडी घरट्यापासून लांब उभी, ओरडत होती, आणि पाण्यातून आमची चार कुत्री परत येत होती. काळू पुढे. त्याच्या तोंडाला पिवळं लागलं होतं.

पोस्ट कमांडर साहेबांनी विचारलं, "अंडे कहाँ गए?" ते रोज वहीत नोंद करायचे, त्यांना पक्ष्यांचा नाद होता. मी म्हटलं, "साब, लोमड़ी होगी." कोल्ह्याच्या माथी मारलं. संध्याकाळी काळूला नेहमीसारखी पोळी घातली. त्या वर्षी त्या जोडीला पिल्लू झालं नाही.

चांगथांगातली भटकी कुत्री हा आता सगळ्यांना माहीत असलेला प्रश्न आहे. छावण्या आणि पर्यटकांचे कॅम्प, दोन्हीकडच्या उष्ट्यावर त्यांची पैदास वाढते, आणि हिवाळ्यात कॅम्प बंद झाले की ती रानावर जगतात. ज्या माजी सैनिक मित्रांना वाटतं की सरहद्दीवरचं जंगल जवानामुळे वाचलं, त्यांना माझं म्हणणं इतकंच, की पोखरण सांगा आणि लंगरची बादलीही सांगा. लंगरचं उष्टं खड्ड्यात पुरायला किंवा डब्यात बंद करून खाली पाठवायला जास्तीची माणसं लागतात, मला माहीत आहे. पण आपण त्याहून अवघड कामं उणे तीसमध्ये केली आहेत. नसबंदीसाठी पशुवैद्यक वर नेता येतो, तोफ नेता येते तर. आणि पर्यटक मंडळींनी पँगाँगच्या वाटेवर मार्मोटला बिस्किटं घालू नयेत. तिथे तशा पाट्याही लावलेल्या आहेत.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, नाताळच्या सुट्टीत गावी ये, सफारीला नेतो, फुकट. तो हसला, पण आला.

पहाटे नान्नजच्या माळावर गेलो. थंडी चांगली होती. उजाडता उजाडता गवत आधी राखाडी, मग पिवळं झालं, आणि त्यातून काळविटांचा कळप उठला. पुढचा नर काळाकुळकुळीत, पोट पांढरं, पिळदार शिंगं पाठीवर टाकलेली. कशाला तरी बिचकून सगळा कळप उधळला आणि एकापाठोपाठ उड्या मारत गेला. धाकटी मोजत होती, सव्वीसपर्यंत आली आणि चुकली. पुन्हा एकपासून सुरू केलं. फोन कुणीच काढला नाही, पुतण्यानेसुद्धा नाही, कदाचित हात गारठले असतील. एक लांडगा लांबून जाताना दिसला की कुत्रं होतं, यावर बापलेकीत वाद झाला. मी बोललो नाही. तो लांडगाच होता.

परत निघताना पुतण्याने विचारलं, "तात्या, तुम्ही लहानपणी माळढोक बघायचा तो नक्की कुठे?"

मी गाडी थांबवून हात दाखवला. आमची सहा एकर तिथून दिसते. माझ्या पगारातून तिथे बोअर पाडली, आणि भावाने द्राक्षं लावली.

"ते काय, थॉमसनच्या ओळी सुरू होतात ना, तिथे."